हौदातल्या आडव्या अळ्या

नसबंदीच्या धास्तीचे दिवस होते. मी मलेरिया खात्यात नुकताच लागलो होतो. सोलापुरात विणकरांच्या वस्तीत फिरायचं, साठवणीच्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या पळीनं काढायच्या, बाटलीत घ्यायच्या आणि कुठल्या डासाच्या ते ओळखायचं, हे माझं काम. पण खांद्यावरची पिशवी आणि हातातली वही दिसली की दारं लागायची.

एका तेलुगू घरातली बाई दारातच आडवी उभी राहिली. "नावं लिवायला आलास की! हितं पुरुष मानूस न्हाय."

"अक्का, फक्त हौद बघतो."

बऱ्याच विनवण्यांनंतर तिनं आत घेतलं, पण मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून ती उभी राहिली. भर दुपारी माग बंद होता. मलाही संशय आला. ही काहीतरी लपवत होती.

हौदात पळी बुडवली. दोन अळ्या डोकं खाली करून तिरक्या लोंबत होत्या. त्या साध्या डासांच्या. बाकीच्या पाण्याच्या वरच्या थराला समांतर, काडीसारख्या आडव्या पडल्या होत्या.

"या हिवतापाच्या डासाच्या," मी म्हणालो.

"तुझ्या बाटलीतनं सोडल्यास तू!"

रागच आला. तरी मी पिशवीतली कोरडी बाटली काढून तिच्या हातात दिली, पळी बाजूला ठेवली आणि म्हणालो, "तुमच्याच भांड्यानं काढा."

तिनं पांढऱ्या थाळीत पाणी घेतलं. बोट लावताच अळ्या बुडाल्या, क्षणात वर आल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या. ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ह्यानं दिवसाआड थंडी वाजून ताप येतो?"

"यांचे डास झाल्यावर, त्यांच्या चावण्यानं येतो."

तिनं मागचं दार उघडलं. दोन चादरी पांघरून तिचा नवरा कुडकुडत होता. दवाखान्यात नेलं की ऑपरेशन करतात, या भीतीनं तिनं त्याला लपवलं होतं.

मी त्याच्या बोटाचं रक्त काचपट्टीवर घेतलं. गोळ्या काढल्या, तर ती म्हणाली, "आदी तू खा."

माझ्यासमोर दुसरा मार्ग नव्हता. कडू गोळी मी गिळली, मग त्यानं.

तपासणीत हिवतापच निघाला. पुढच्या गोळ्याही मी नेऊन दिल्या, हौद रिकामा करून घासायला लावला. माणूस बरा झाला. नंतरच्या फेरीला तिनं शेजारणीला माझ्यादेखत सांगितलं, "येऊ दे त्याला. पिशवी तेवढी भायेर ठेवायला सांग."