संपदाचा खोकला
लतिका दामले दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत वीस वर्षं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करत होत्या. पेशींवरचे सूक्ष्म केस, म्हणजे सिलिया, त्या पाहताक्षणी ओळखायच्या. मूत्रपिंडाच्या पेशीवर एकच केस असतो. त्यात नऊ जोडनळ्यांचं कडं असतं, मध्ये काही नसतं आणि तो हलत नाही. श्वासनलिकेतल्या पेशीवर असे शेकडो असतात. त्यांच्या मध्यभागी आणखी दोन नळ्या असतात आणि ते हलून कफ बाहेर ढकलतात.

त्यांची धाकटी बहीण संपदा जन्मापासून खोकायची. "मीच पोरीला दिल्लीच्या या धुरात वाढवलं," असं आई म्हणायची. तसं म्हणतच ती गेल्या वर्षी गेली.

यंदा एका नव्या डॉक्टरांनी संपदाच्या नाकातल्या पेशींचा नमुना लतिकाताईंच्याच प्रयोगशाळेत तपासायला पाठवला. पडद्यावर कडं होतं, मधल्या नळ्याही होत्या. पण कड्याला हलवणारे चिमुकले हातच नव्हते. दोष जन्मजात होता.

लतिकाताईंनी दिल्लीतल्याच द्वारका भागात जाऊन बहिणीला सांगितलं.

"म्हणजे धुरामुळे नाही?"

"बिल्कुल नाही गं."

संपदा रडली. मग म्हणाली, "ताई, आई असताना का नाही पाहिलंस?"

घरातला खोकला धुराचाच, असं लतिकाताईंनीही गृहीत धरलं होतं.