धानाच्या कोठीतली वाइन

कामठ्याच्या योगराजभाऊ राहांगडाल्यांना गावात कोणी कधी दारुडा म्हटलं नाही. खरं तर घरातल्या धानाच्या कोठीत वाइनच्या बाटल्या पुरून ठेवणाऱ्या माणसाला गाव काय काय म्हणू शकतं! पण हा माणूस वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या रविवारी, एक बाटली उघडायचा, त्यातली पेलाभर घ्यायचा आणि मग दुपारभर तिच्यावर बोलत बसायचा. पिण्यापेक्षा बोलतोच जास्त, असला कसला दारुडा, असं म्हणून गावानं विषय सोडून दिला.

नाशिककडच्या एका वायनरीत योगराजभाऊंची उमर गेली. गेले होते द्राक्षांचे क्रेट उचलायला, आणि रमले ते तळघरात. तिथल्या अंधारात, लाकडी पिंपांच्या रांगांत त्यांचा जीव असा काही लागला की साहेबांनी त्यांना तिथंच नेमून टाकलं. दर दिवाळीला मालक कामगारांना एकेक चांगली बाटली देत. बाकीचे ती घरी पोहोचेपर्यंतही ठेवत नसत. योगराजभाऊ मात्र दुपट्ट्यात गुंडाळून कामठ्याला आणत.

आता आणली, पण ठेवायची कुठं? वैशाखात आमच्याकडे कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरात माणूस भाजून निघतो, तिथं वाइनचा काय निभाव लागणार? तेव्हा त्यांना सुचली ती माजघरातली मातीची कोठी. जाड भिंतींची, पुरुषभर उंच, चिन्नोर जातीच्या धानानं भरलेली. भर उन्हाळ्यात तिच्यात कोपरापर्यंत हात खुपसला तरी गार लागतो. नव्या तांदळाचा भात गिच्च गोळा होतो, म्हणून या घरात धान वर्षभर मुरल्याशिवाय कोणी कांडत नाही. पाहुण्याला जुना, लग्नाला जुना, बाळंतिणीला तर जुनाच. थांबायचं कसं, हे या घराला नाशिकहून शिकायचं नव्हतं. योगराजभाऊंनी बाटल्या धानात आडव्या पुरल्या, म्हणजे बूच ओलं राहतं, आणि निर्धास्त झाले.

निर्धास्त म्हणजे बाटल्यांपुरते. बायकोच्या बाबतीत नव्हे.

ओमेश्वरीबाईंच्या वडलांना मोहाच्या दारूनं खाल्लं होतं. पहिली बाटली घरात आली त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "कोठी माझी, पर ह्या बाटल्या तुमच्या. मी हात नाई लावणार." आणि नाहीच लावला. धान काढताना हाताला काच लागली की त्या विंचू दिसल्यासारखा हात मागं घेत.

त्यामुळं योगराजभाऊ नोकरी संपवून गावी आले तरी दिवाळीनंतरच्या रविवारी त्यांच्या सोबतीला असायचा तो एकटा रत्नपाल. हा त्यांचा शाळेतला सोबती, फुलचूरला राहणारा, एसटीचा निवृत्त कंडक्टर. रत्नपाल पंचशील पाळणारा, थेंबाला शिवायचा नाही. पण वास घ्यायला कुठं मनाई आहे? तो पेला नाकाशी धरून डोळे मिटायचा आणि सांगायचा, "भाऊ, याच्यात पिकलेलं जांभूळ आहे. अन् मागून नव्या एसटीच्या सीटचा वास येऊन राहिला." योगराजभाऊ खूष! चामड्यासारखा वास म्हणजे वाइन मुरल्याची खूण. दोघं अंगणात हसायचे, आणि आत ओमेश्वरीबाई दार लोटून तांदूळ निवडत बसायच्या.

त्या लोटलेल्या दाराचं योगराजभाऊंना फार वाईट वाटे. तिनं प्यावं असं त्यांचं मुळीच म्हणणं नव्हतं. उमरभर आपण ज्या कामात जीव ओतला, ते एकदा तिनं समोर बसून पाहावं, बरं-वाईट सांगावं, एवढंच. पण हे तिला म्हणणार कोण? वाइनची वाट पाहता पाहता ते बायकोचीही वाट पाहायला शिकले होते.

यंदा वैशाखात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदूचंच, पण माणूस घाबरट. कुडव्याला पोराकडे, संजूकडे, आठवडाभर राहायचं होतं. गाडीवर बसताना ते बायकोला म्हणाले, "संजूची माय, माझं काही सांगता येत नाई. कोठीतल्या बाटल्या सांभाळजो."

ओमेश्वरीबाईंनी मान हलवली. आणि सांभाळल्या!

आठवड्यानं काळा चष्मा लावून योगराजभाऊ अंगणात उतरले. चटईवर धान पसरलेलं, बाजूला वड्या, पापड, आंब्याच्या लोणच्याच्या बरण्या. आणि बरण्यांच्या शेजारी, रांगेत, रणरणत्या उन्हात, त्यांच्या बाटल्या उभ्या. प्रत्येकीच्या तोंडाला धुतलेलं पांढरं फडकं बांधलेलं. दोन-तीन बाटल्यांची बुचं वर सरकून काचेवरून लाल ओघळ उतरलेले.

"हे का केलं?" त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"ऊन दाखवून राहिली. चार दिवस झाले." ओमेश्वरीबाई कौतुकानं म्हणाल्या. "ठेवणीतल्या वस्तूले वर्साकाठी ऊन दाखवा लागते ना? नाई तं बुरा येते. तुमी एवढ्या वर्सांत एकदाबी नाई दाखवलं."

योगराजभाऊ ओट्यावर टेकले. राग आला नाही असं नाही, चांगलाच आला. नाशिकला कोणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला तळघराबाहेर काढलं असतं. पण त्यांची नजर त्या फडक्यांवर गेली. बाटलीला बोट न लावणाऱ्या बाईनं एकेक बाटली धानातून उपसली, पुसली, तिच्या तोंडाला गाठ मारली, सकाळी बाहेर आणली, संध्याकाळी आत नेली. चार दिवस. त्यांना भरून आलं. नव्या डोळ्याला पाणी चालत नाही म्हणून त्यांनी ते आवरलं.

"बिघडल्या का?" त्यांचा चेहरा पाहून तिनं विचारलं.

"बिघडल्या," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"साऱ्या?"

"बुडाशी दोन राहिल्या असतील. तिथवर तुझा हात नाई पोचला."

ओमेश्वरीबाईंनी बाटल्या उचलून आत नेल्या. त्या रात्री जेवल्याही कमीच.

डोळ्यातलं औषध बंद झालं त्या रविवारी रत्नपाल विचारपूस करायला आला. त्याला चहा देऊन ओमेश्वरीबाई आत गेल्या, त्या एका हातात उन्हातली बाटली आणि दुसऱ्या हातात बुडातली, धान चिकटलेली बाटली घेऊन आल्या आणि समोर चटईवर बसल्या.

"खोला दोनी. मी काय बिघडवलं ते मले समजलं पायजे."

रत्नपालनं चहाची बशी हळूच खाली ठेवली. "वयनी, माझ्यासारखा वास घेतला तरी चालते."

"वासावरून भात शिजला का ते समजते, रत्नपालभाऊ. चव चाखाच लागते."

योगराजभाऊंनी दोन्ही बाटल्यांची बुचं काढली. त्यांनी दोन पेल्यांत घोटघोट ओतली. आधी उन्हातली. तिनं नाक मुरडत ओठांना लावली आणि चटकन म्हणाली, "गुळांब्यावानी लागते. एवढी काही वाईट नाई. कायले उगाच तोंड पाडून बसले होते?"

रत्नपाल फिसकन हसला. योगराजभाऊंनी कपाळाला हात लावला. एवढी उमर तळघरात घालवून बायकोला नासकी पसंत!

मग तिनं दुसरा पेला उचलला. घोट घेतला. जिभेवर घोळवून गिळायचं तिला कोणी शिकवलं नव्हतं, तरी ती थांबली. पुन्हा वास घेतला.

"जाऊनच नाई राहिलं तोंडातून," ती सावकाश म्हणाली. "जुना भात खाल्ल्यावर कसं मागून गोड लागते, तसं." पेला खाली ठेवून ती त्या पेल्याकडेच पाहत राहिली. "माझ्या बापानं एवढं थांबून कधी काही घेतलं असतं, तं..."

ती समोर बसली होती, योगराजभाऊंना तेवढं पुष्कळ होतं.

दुपार कलल्यावर रत्नपाल गेला. ओमेश्वरीबाई शेवटची बाटली घेऊन कोठीपाशी उभ्या राहिल्या. "उभी का आडवी?"

"आडवी."

खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी ती धानात निजवली, वरून धान सारखं केलं, हात झटकले.

"हे कधी काढाची?"

"चांगली व्हायची तं अजून पाच-सात वर्सं तरी."

"मंग तेवढे दिवस धड राहाजा," ओमेश्वरीबाई म्हणाल्या. "मी एकटी नाई चाखणार."