वसुधाचं नाणं

"वसुधा गेली..." तिच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला, तेव्हा मी हर्नडनच्या ऑफिसात मीटिंगला निघाले होते. त्याला आता दीड महिना झाला. माझ्या मैत्रिणीचं दुखणं मला ठाऊक होतं, तरी फोन ठेवून मी तशीच खुर्चीत बसून राहिले.

२००१ साली आम्ही दोघी एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलो. ती सांगलीची, शिल्पकला शिकलेली; पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणून नोकरीला परवानगी नाही. एका जुन्या बाजारात तिला पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा चांदीचा क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं मिळालं. ढाल घेऊन उभी असलेली स्वातंत्र्यदेवी, आणि साल पार पुसलेलं. पुढे कित्येक महिने ती लायब्ररीत त्या नाण्याच्या मागे लागली होती. चहा ओतता ओतता सांगायची, "बघ, साल देवीच्या पायाखालच्या पायरीवर उठावात घेतलं, म्हणून तेच आधी झिजलं. बऱ्याच वर्षांनी टांकसाळवाले शहाणे झाले आणि खोलात घेतलं." सुरुवातीला देवीची एका बाजूची छाती उघडी होती, पुढच्याच वर्षी अंगात चिलखत आलं. "लोकांनी बोभाटा केला म्हणून, असं म्हणतात. मला नाही पटत. युद्ध दारात आलं होतं, यार!" नाण्याच्या मागच्या बाजूचा गरुड वर सरकला, त्याच्याखाली तीन तारे आले. पण त्याआधी टांकसाळीनं ते नाणं घडवणाऱ्या शिल्पकाराला न विचारताच त्याच्या कामात फेरफार केले होते, हे सांगताना तिचा आवाज चढायचा...

एकदा मी म्हटलं, "छंद ठीक आहे गं. पण सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर, ग्रीन कार्ड आलं की लगेच जॉब."

"तूही टांकसाळच निघालीस," ती म्हणाली, आणि दोन महिने बोलली नाही.

मग एक दिवस दारात उभी. "रविवारच्या मराठी शाळेत मुलांना मातीकाम शिकवू? हॉलची किल्ली तुझ्याकडे असते ना?" मुलांनी आपापली नाणी घडवली. एका चिमुरडीनं विचारलं, "कॅन आय पुट माय आजी ऑन इट?" वसुधा म्हणाली, "अगं, तीच तर हवी!"

कार्ड आल्यावरही तिनं कोर्स केला नाही; कम्युनिटी सेंटरमध्ये शिल्पकलेचे वर्ग घेऊ लागली. माझं चुकलं, हे मी तिला कधी म्हटलं नाही... आता म्हणते.

परवा मिलिंदकडे गेले. बेसमेंटमधलं बेसिन तिच्या शिल्पांच्या प्लास्टरनं तुंबलंय, वॉशिंग मशीनचं पाणी त्यात साठून राहतं.

"प्लंबरला बोलावू का?" मी विचारलं.

"नको. तिचं आहे ते, राहू दे," म्हणाला, आणि बाही सारून मगानं पाणी उपसू लागला.