नाण्यावरचं नाक

माणसाचा खरा चेहरा काळाच्या तावडीतून कोणी वाचवला असेल, तर तो रोमन नाण्यांनी. हे वाक्य मी आजवर बऱ्याच लोकांना गंभीर आवाजात ऐकवलं आहे. आधाराला माझ्याकडे एकच रोमन नाणं आहे, पणजीतल्या एका प्रदर्शनात घेतलेलं. ते अस्सल आहे असं विकणाऱ्याने इतक्या वेळा सांगितलं की मला तेव्हापासून शंका आहे.

त्यावर एका सम्राटाचं डोकं आहे, उजवीकडे तोंड केलेलं. त्याची ओळख करून घ्यावी म्हणून मी पुस्तकं वाचली आणि शंका वाढतच गेली. रोमचा पहिला सम्राट सत्तरी ओलांडून मेला, पण नाण्यावर तो शेवटपर्यंत तरुणच राहिला. त्याच्यामागून गादीवर आलेल्यांची नाकं आणि हनुवट्या त्याच्यासारख्या दिसू लागतात, दत्तक आलेल्यांच्यासुद्धा. वारसा सांगायला नाकाइतका सोयीचा पुरावा नाही. दूरच्या प्रांतात नव्या सम्राटाला कोणी पाहिलेलं नसायचं, तेव्हा ठसा खोदणारा जुन्याच चेहऱ्याभोवती नवं नाव घालून मोकळा व्हायचा. मध्येच एक टकला, सुरकुतलेला, जाड मानेचा सम्राट येतो. अभ्यासक त्याला प्रामाणिक म्हणतात. मला तोही संशयास्पद वाटतो. त्याच्या आधी उधळ्या आणि नाटकी माणसाचं राज्य होऊन गेलं होतं. अशा वेळी सुरकुत्या हीच जाहिरात. आमच्याकडे निवडणूक जवळ आली की उमेदवार चुरगळलेला सदरा घालतात, तसंच.

सुर्ल्याचे आमचे मावसो, म्हणजे मावशीचे यजमान, गेल्या वर्षी वारले. त्यांनी उभी हयात स्वतःचा टिप्पर चालवला, खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत खनिज मातीची वाहतूक केली. खाणी बंद पडल्या तेव्हा टिप्पर अंगणात उभा राहिला आणि मावसो त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसू लागले. तरुणपणी ट्रकचा फाळका निसटून त्यांच्या नाकावर आला होता. तेव्हापासून नाकाच्या मध्यावर एक उंचवटा होता आणि शेंडा खाली झुकलेला होता. बसायच्या खोलीत हार घालून लावलेल्या फोटोत मात्र यातलं काही नाही. डिचोलीच्या स्टुडिओवाल्याने मतदार ओळखपत्राच्या फोटोवरून तो मोठा केला, मावसोंना गोरं केलं, कोट-टाय घातला आणि जाता जाता नाकही सरळ करून दिलं. मावशी त्या फोटोवरची धूळ रोज पुसते. पण एकदा मला म्हणाली, "कोण तो सायब, माका म्हायत नाय. तेंनी जल्मात टाय बांधूक नाय."

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं थोरल्या मावसभावाने, ज्याला आम्ही सगळे भाई म्हणतो, एक बेत जाहीर केला. भाई पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहणार होता. श्राद्धाला येणाऱ्या प्रत्येक घराला वडिलांची आठवण म्हणून चांदीचं नाणं द्यायचं, पुढे बाबा, मागे लक्ष्मी. माझ्याकडे एक रोमन नाणं असल्यामुळे मी घरातला तज्ज्ञ ठरलो होतो. मी सांगितलं की नाण्यावर चेहरा बाजूने असतो, कारण समोरून काढला तर नाक सगळ्यांत आधी झिजतं.

मावशी चहाबरोबर उंडे पाव ठेवत होती. ती थांबली.

"बाजून? म्हणजे गाडी चलयताना दिसायचे, तसे?"

"तसेच," मी म्हणालो.

लग्नानंतर ती जत्रेला, माहेरी, दवाखान्यात, सगळीकडे त्याच टिप्परच्या केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसून गेली होती. मावसो बोलके नव्हते आणि गाडी चालवताना मान वळवत नव्हते. नवरा म्हणून तिने पाहिलेला चेहरा म्हणजे ती एक बाजू. वयाने हातपाय बिघडतात तसं चेहरेही विसरायला होतं, असं ती अलीकडे म्हणू लागली होती. त्या टायवाल्या साहेबाने तिच्या डोक्यातल्या मावसोंची जागा घेण्याआधी तिला ती बाजू कुठेतरी पक्की करून हवी होती.

अडचण एवढीच की बाजूने काढलेला त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. आमच्याकडे फोटो म्हटला की माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून, श्वास रोखतो. लग्नाच्या आल्बममधल्या गर्दीतसुद्धा मावसो कॅमेरा हुडकून त्याच्याकडे बघत होते. भाई म्हणाला, "तू काळजी करू नको, मी करतो बरोबर." हे वाक्य त्याच्या प्रचाराच्या फलकावरही आहे, म्हणून मी काळजी करू लागलो.

नमुन्याचं नाणं आलं तेव्हा मी मुद्दाम गेलो. सुबक काम होतं. कपाळ रुंद, हनुवटी निश्चयी, नाक पट्टीने आखल्यासारखं सरळ. तिठ्यावरच्या फलकावर हात जोडून उभा असलेला भाई मी येताना पाहिलाच होता. आता तो चांदीत, उजवीकडे बघत होता.

"भाई," मी विचारलं, "याला बसला कोण?"

"कशाला?"

"चित्राला. कोणीतरी बाजूने बसलं असणार."

"मीच बसलो सोनाराच्या स्टुलावर. त्याने मोबाईलवर फोटो काढून घाटावर पाठवला, ठसा तिकडे खोदतात. मग काय करू? बाबांना कुठून आणू? रक्त तेच ना?"

"नाक वेगळं."

"नाक अपघाताचं होतं, रे. जन्माचं नाही. बाबा मुळात असेच होते."

मी त्याला दत्तक सम्राटांच्या हनुवट्यांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "बघ, म्हणजे पद्धत जुनी आहे." मग आवाज खाली आणून त्याने मागची लक्ष्मी दाखवली. "प्रचार वाटू नये म्हणूनच ही घातली."

मावशीने नाणं उजेडात धरलं, चष्म्याशिवाय पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, आणि नाकावरून अंगठा फिरवला.

"ह्यां नाक तेंचां न्हय. हो तू आसस."

"आई, थोडं मिळतंजुळतं असणारच."

"मिळतांजुळतां काय तां तुझ्या बायलेक सांग. आणि तोंडय उलटां आसा. मी तेंच्या डाव्या बाजूक बसायचंय. माका तेंचां तोंड हय दिसायचां." तिने हाताने डावीकडे दाखवलं. मग नाणं परतवून लक्ष्मी पाहिली. "आणि ह्यां ठेवूचां खंय? मेलेल्या माणसाक देवांत ठेवीत नाय. लक्ष्मीक देवांच्या भायर ठेवीत नाय."

हा प्रश्न रोममध्ये पडला नसता. तिथे सम्राट मेला की सभा भरवून त्याला रीतसर देव करून टाकत. सुर्ल्याच्या पंचायतीला तो अधिकार नाही.

मावशीच हट्टाने आम्हाला डिचोलीला सोनाराकडे घेऊन गेली. त्याने समजावलं की ठसा उलटा असतो. ठशात खोल खोदलं की नाण्यावर उंच येतं. म्हणून नाकाला उंचवटा द्यायला वेळ लागणार नाही, पण तोंड डावीकडे वळवायचं तर ठसा पहिल्यापासून करावा लागेल, आणि श्राद्ध तर तोंडावर आलेलं. मावशीने त्याच्या काउंटरच्या काचेवर बोट टेकून नाकाची रेघ काढली, पुसली, पुन्हा काढली. दोन्ही रेघा माझ्या मते सारख्या नव्हत्या. बाजूने पाहणारी ती एकटीच, तेव्हा तिला खोटं पाडायला कोणी नव्हतं, आणि पुरावा म्हणून एवढी भक्कम स्थिती मला नेहमीच खटकते. पण तिसऱ्या रेघेला ती बोट न उचलता म्हणाली, "हां. ह्यां." भाईने काचेकडे पाहिलं आणि त्यानंतर तो एकदाही रक्ताबद्दल बोलला नाही.

"माझ्या नाण्याक लक्ष्मी नको," तिने सोनाराला सांगितलं. "ती घरात आसा."

श्राद्धाला नाणी वाटली गेली. भाईचं कपाळ, भाईची हनुवटी आणि मावसोंचं नाक, तोंड उजवीकडेच. ज्या ज्या नातेवाइकांकडे मी नंतर गेलो, तिथे नाणं देव्हाऱ्यात आहे, लक्ष्मी वर करून. मावसो पालथे आहेत.

मावशीच्या नाण्याची मागची बाजू कोरी आहे. ते तिने तिच्या खोलीत आरशासमोर उभं केलं आहे, आरशाकडे तोंड करून. आरशात मावसो डावीकडे बघतात. नाणं पडू नये म्हणून मागे गुडघ्याच्या तेलाची बाटली लावलेली असते. दारातून बघणाऱ्याला फक्त बाटली दिसते.