पक्की बेहोशी

फजिती माझीच सांगणार आहे हो, पण चहा येईपर्यंत आधी जरा रागावून घेऊ द्या!

ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात भूल द्यायची डॉक्टर होते. सिझेरियन झालं की पेढे सर्जनला, साडी नर्सबाईला. आणि मला? ‘ते सुईवाली बाई कोन होती जी?’ बस्स!

त्यातच मोहगावच्या एका बाईला मी कमरेत सुई देऊन भूल दिली. कमरेखालचं अंग बधिर, बाई टक्क जागी. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण घरी जाऊन तिनं काय सांगावं? ‘मी तं जागीच होती! डागदर टाके घालता घालता वांग्याच्या भाजीचं बोलून राहिले होते!’ झालं! बाजारभर बोभाटा, या सुईवाल्या बाईची बेहोशी लागतच नाही!

अशात सावरगावची गयाबाई सुनेला घेऊन आली. पोटात बाळ आडवं. सिझेरियनशिवाय इलाज नाही. आणि ही सासू दारात आडवी!

“आमच्या सुनेले पक्की बेहोशी पाहिजे. तुमची लागत नाई म्हनते.”

“अहो, ती आत्ताच पोटभर वरण-भात जेवून आलीय! पूर्ण झोपवलं आणि उलटी श्वासात गेली तर जिवावर बेतेल. कमरेतलीच सुई बरी.”

“मंग आमी नागपूरले नेतो.”

नागपूर! तोवर ते बाळ वाचलं असतं का? असं डोकं फिरलं माझं! “चला आत,” म्हटलं, “डोळ्यांनी पाहा!” सर्जन डोळे वटारत होते, पण मी ऐकते थोडीच? गाऊन चढवला, तोंडाला फडकं बांधलं आणि गयाबाईला सुनेच्या उशाशी उभं केलं.

सुई दिली. जरा वेळानं म्हटलं, “काढा मांडीला चिमटा.” काढला. चांगला सासूनं काढावा तसा!

“दुखलं काय वं?”

“नाई जी आत्याबाई. काऊन? काय केलं?”

आता इथंच तिला बाहेर काढावं की नाही? पण नाही! मला तिची पुरती जिरवायची होती ना! सर्जननं सुरी चालवली, गयाबाईनं मान लांब करून पाहिलं…

“बाई,” टेबलावरून सून शांतपणे म्हणाली, “आत्याबाई पडल्या जी.”

माझ्या एका हातात सुनेची नाडी, दुसऱ्या हातात सासूची मान! सिस्टर पाणी घेऊन धावली. तेवढ्यात बाळ रडलं, आणि आजीबाईंनी डोळे उघडले.

पुढच्या बाजारी गयाबाई ज्याला त्याला सांगत होती, “लय पक्की डागदरीन हाय! मले तं सुई बी नाई टोचली. नुसतं जवळ उभं केलं अन् बेहोश!”

नाव झालं की हो माझं! लगेच पुढच्या बाळंतिणीची आई हात जोडून आली. मी ऐटीत सुई भरायला घेतली, तर म्हणते, “सुई कायले जी? तुमी नुसत्या जवळ उभ्या राहा ना!”