धुतलेले खडे

ऑपरेशन थिएटरमधल्या मावशीला सगळे 'चकाचक' म्हणायचे. मावशीला बघून डागच लाजून पळतो, असं सिस्टर म्हणायच्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं की निघालेले खडे बाटलीत घालून नातेवाइकांना द्यायचे, ही तिथली रीत. असले बरबटलेले खडे लोकांपुढे काय न्यायचे, म्हणून मावशी ते आधी जंतुनाशकात खळबळून काढायची. बाटली उजेडात धरून लोक "बापरे!" म्हणायचे आणि ही अशी फुलायची, जणू खडे तिनेच घडवलेत.

एका बसड्रायव्हरचं पित्ताशय मात्र काढताना फाटलं आणि खडे पोटात सांडले. डॉक्टरांनी सापडले तेवढे वेचले. "खड्यांच्या आतसुद्धा जंतू असतात. यातला एक तपासणीला पाठवा," ते म्हणाले. मावशीने सवयीने सगळेच खळबळले आणि त्यातलाच एक चकचकीत खडा लॅबला दिला.

रिपोर्ट आला, जंतू नाहीत. डॉक्टरांनी अँटिबायोटिक बंद केलं आणि ड्रायव्हरला ताप भरला.

सकाळी मावशी वॉर्डात चादरी ठेवायला गेली, तेव्हा डॉक्टर सिस्टरना म्हणत होते, "खड्यात जंतूच नाहीत, मग हा ताप कशाचा?"

मावशीच्या एकदम लक्षात आलं. धुतलेल्या खड्यात जंतू सापडणार कसे? तिने तोंड उघडलं, पण नोकरी आठवली, ते 'चकाचक' आठवलं. "चादरी इथं ठेवते," एवढंच बोलून ती सटकली.

मग पुसलेलंच पुन्हा पुसत बसली. दुपारी व्हरांड्यात ड्रायव्हरची बायको भेटली. "मावशी, खडे किती निगुतीने धुऊन दिलेत हो! तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून धीर वाटतो." मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही ती बादली उचलून पुढे गेली.

संध्याकाळी ड्रायव्हर थंडीने कुडकुडायला लागला, तेव्हा कुठे बाईसाहेब डॉक्टरांच्या दारात उभ्या राहिल्या. "डॉक्टर, तो खडा मी धुतला होता. औषधाच्या पाण्यात."

डॉक्टरांनी ताबडतोब अँटिबायोटिक सुरू केलं, सोनोग्राफी केली. यकृताखाली एक खडा राहून गेला होता आणि त्याच्याभोवती पू साचला होता. तो काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "धुऊ नका, हे मी सांगायला हवं होतं. चूक माझीही आहे."

मावशीला वाटलं, सुटले.

"तुमच्या लक्षात कधी आलं?"

"सकाळी."

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला आणि लिहायला घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ड्रायव्हर बरा झाला. घरी निघताना त्याच्या बायकोने मावशीचे हात धरले. "तुम्ही सांगितलंत म्हणून हे वाचले. डॉक्टरच म्हणाले."

सकाळचं डॉक्टरांनी झाकून ठेवलं होतं. मावशीनेही झाकलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. पण त्या धरलेल्या हातांची तिला लाज वाटली.

"ताई, मला सकाळीच कळलं होतं. आपण व्हरांड्यात बोललो ना, तेव्हाही माहीत होतं."

बाईने हात सोडले. पिशवीतून खड्यांची बाटली काढली, बाकावर ठेवली आणि नवऱ्याला धरून ती निघून गेली.