सव्वा मूठ गहू

दोन मुलखांच्या मध्ये एक आडवी रेघ ओढून तिच्यावर बिऱ्हाड थाटणारा माणूस अख्ख्या सुरतेत एकच, आणि तो माझा चुलत भाऊ. 'खानदेशी-सुरती' असं तो कार्डावर छापतो. चित्रं काढतो, शिल्पं करतो, गातो, एकपात्री नाटकं करतो. पोटासाठी पलसाण्याच्या एका मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढतो. लिंबायतच्या खोलीत त्याने जात्यावर लूमच्या बॉबिनी चिकटवून एक शिल्प उभं केलंय. शिल्पाने सगळी जागा खाल्ल्यामुळे कलावंत स्वतः गॅलरीत झोपतो. सुरत्यांशी तो हट्टाने अहिराणी बोलतो आणि आमच्याशी गुजराती, त्यामुळे दोन्हीकडची माणसं त्याला पाहुणा समजतात. एकदा गावाहून बाटलीभर तापी आणून त्याने ती सुरतेच्या तापीत ओतली. मोबाइल धरून शूटिंगला मी. काठावरच्या एका सुरती काकांनी अस्थी समजून हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गयुं, भाई?"

"खबर नथी. हजु शोधुं छुं," हा म्हणाला. तेव्हा मी इतका हसलो की सगळं शूटिंग हललं. आता ते बघवत नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याच्या तोंडी कणही जाता कामा नये. गेल्या वर्षी या शहाण्याने आपल्या वाटणीचा रोट प्रदर्शनात काचेच्या बशीत मांडला. खाली चिठ्ठी: 'हा मी. चाखून बघा.' लोकांनी बशी चाटूनपुसून साफ केली आणि हा ते मला आनंदाने सांगत आला. थोरले काका, म्हणजे त्याचे वडील, त्याचे आबा, ऐकून ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आते तुनी मूठ नही."

यंदा मोजायला काकाच बसले. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी पहिली मूठ थोरल्या लेकाचीच भरली, नाव ओठांवर आलं आणि हात तसाच थांबला. तो दारात उभा होता. काकांनी मूठ पोत्यात सोडली, गहू पुन्हा घेतले आणि धाकट्याचं नाव उच्चारलं. भाऊ जिना उतरला. जन्मभर दोन्हीकडचा म्हणवणारा तो त्या घटकेला कुठलाच उरला नाही. मी तोंड उघडलं नाही, त्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या वाटणीतला अर्धा रोट रुमालात बांधून मी त्याच्या खोलीवर गेलो. वाटलं, हा आता आधी फोटो काढणार. त्याने मोबाइलला हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून सगळा खाल्ला, मांडीवर पडलेला चुराही बोटाने टिपला. मग माझ्याकडे न बघता, कितीतरी वर्षांनी माझ्याशी अहिराणीत बोलला.

"आबानी पहिली मूठ मनीच लिधी व्हती ना?"

मी हो म्हणालो. तो बराच वेळ रुमालाची घडी घालत बसला.